फॉर्च्युनरचे डिझेल नेमके कुठे जाते?

आमच्याकडे टोयोटा फॉर्च्युनर आहे, २०२१ सालच्या बदलांनंतरची, २.८ लिटर डिझेल इंजिनाची, ऑटोमॅटिक आणि फक्त मागच्या चाकांना जोर देणारी. ही गाडी पाहिल्यावर नातेवाईक, शेजारी आणि पंपावरचा मुलगा असे सगळे जण एकच प्रश्न विचारतात, की ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणे मला पटत नाही. पुण्याच्या गर्दीत ही गाडी लिटरला साडेआठ ते साडेनऊ किलोमीटर जाते, मोकळ्या महामार्गावर ८० च्या वेगाने चौदाच्या पुढे जाते आणि द्रुतगती मार्गावर वेग वाढवला की बारा-साडेबारावर उतरते. कंपनीने जाहीर केलेला आकडाही चौदाच्या आसपासच आहे. हे सगळे आकडे खरे आहेत आणि तरीही त्यांपैकी एकही ‘या गाडीचे अ‍ॅव्हरेज’ नाही. मोठ्या आणि जड गाडीचे डिझेल तीन वेगवेगळ्या ठिकाणी खर्च होते: वजन हलवण्यात, हवा कापण्यात आणि उभे राहण्यात. कोणत्या रस्त्यावर यांपैकी कोणता खर्च वाढतो हे समजल्याशिवाय नुसत्या आकड्याचा काही उपयोग होत नाही, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो आहे.

आधी गाडीविषयी थोडेसे. इंजिन २७५५ सीसीचे असून ऑटोमॅटिकमध्ये ते २०४ पीएस शक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. टाकी ८० लिटरची आहे. लांबी ४,७९५ मिलिमीटर, रुंदी १,८५५ आणि उंची १,८३५. मालवाहू गाड्यांप्रमाणे हिला खाली स्वतंत्र पोलादी चौकट आहे, त्यामुळे रिकामी गाडीच दोन टनांच्या वर जाते. त्यात कुटुंब, सामान आणि भरलेली टाकी धरली की रस्त्यावर धावणारे वजन २,४०० किलोच्या आसपास पोचते. पुढच्या सगळ्या हिशेबात मी हेच वजन धरले आहे.

मोजण्याची पद्धत नीट नसेल तर बाकीच्या चर्चेला अर्थ उरत नाही. डॅशबोर्डवरील पडदा जो आकडा दाखवतो तो इंजेक्टरने किती डिझेल सोडले याच्या अंदाजावर आधारलेला असतो, आणि माझ्या अनुभवात तो प्रत्यक्षापेक्षा थोडा उदारच असतो. टाकी फुल ते टाकी फुल हीच खरी पद्धत: शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूच्या मशीनवर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचे, ट्रिप मीटर शून्यावर आणायचे आणि पुढच्या वेळी तितक्याच काटेकोरपणे पुन्हा भरायचे. डिझेलला फेस येतो आणि टाकी मोठी आहे, त्यामुळे भरण्यात एक-दोन लिटरचा फरक सहज पडतो. वीस लिटरच्या भरण्यात दोन लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. साठ लिटरमध्ये तीच चूक तीन टक्क्यांवर येते. म्हणून टाकी पाऊण रिकामी झाल्याशिवाय हिशेब करू नये आणि एका भरण्यावरून मत बनवू नये. टायर बदललेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूळ २६५/६० आर१८ टायरच्या जागी दिसायला भारदस्त म्हणून २६५/६५ आर१८ बसवला, तर चाकाचा व्यास साडेतीन टक्क्यांच्या जवळपास वाढतो, ओडोमीटर तितकेच कमी अंतर मोजतो आणि कागदावरचे अ‍ॅव्हरेज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. जड टायरमुळे खरोखर वाढलेला खर्च आणि मोजमापातली ही तूट या दोन गोष्टी अनेक जण एकत्र करून टाकतात.

सरासरी काढताना होणारी गफलत याहूनही मोठी आहे. समजा शंभर किलोमीटर शहरात लिटरला ८ ने झाले आणि शंभर किलोमीटर महामार्गावर लिटरला १४ ने झाले, तर बहुतेक जण सरासरी अकरा सांगतील. प्रत्यक्षात शहरात साडेबारा लिटर आणि महामार्गावर ७.१४ लिटर, असे एकूण १९.६४ लिटर जळाले. दोनशे किलोमीटरला भागले की उत्तर १०.२ येते. याच कारणाने मी माझ्या वहीत किलोमीटर प्रति लिटर लिहीतच नाही, दर शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते लिहितो. जड गाडीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. लिटरला २० देणारी छोटी गाडी २५ देऊ लागली तर शंभर किलोमीटरमागे एक लिटर वाचतो. आमच्यासारखी गाडी ८ वरून १० वर आली तर अडीच लिटर वाचतात. वाढ ऐकायला लहान वाटते, पण खिशातून जाणारे पैसे आणि धुराड्यातून निघणारा धूर यांच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे लिटरला ९ ने चालताना ही गाडी दर किलोमीटरला जवळपास ३०० ग्रॅम सोडते आणि १४ ने चालताना १९० ग्रॅम. २०२२-२३ पासून लागू झालेल्या निकषांत देशातील नव्या मोटारींची सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास असावी अशी अपेक्षा आहे, हे ध्यानात घेतले की शहरातल्या प्रत्येक किलोमीटरचा विचार करावासा वाटतो.

आता कंपनीच्या आकड्याविषयी. तो आकडा खोटा असतो असा समज आपल्याकडे रूढ आहे, आणि तो अन्यायाचा आहे असे मला वाटते. वेताळ टेकडीवर जिचे आवार आहे ती आपल्या पुण्यातली एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था १९६६ पासून काम करते आणि तिच्या नावाने ओळखला जाणारा हा आकडा ठरवून दिलेल्या चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर नव्हे तर रोलरवर चालवली जाते. चाचणी ११८० सेकंदांची असते. त्यातली पहिली ७८० सेकंदे शहरी भागाची, म्हणजे १९५ सेकंदांचा एकच क्रम चार वेळा, आणि उरलेली ४०० सेकंदे शहराबाहेरच्या प्रवासाची. युरोपातल्या मूळ चाचणीत सर्वोच्च वेग १२० होता, भारतीय रूपात तो ९० वर आणला आहे. एसी बंद असतो. शहरी भागात शून्यावरून ५० चा वेग गाठायला तब्बल २६ सेकंदे दिलेली आहेत. विद्यापीठ चौकात सिग्नल सुटल्यावर इतक्या सावकाश निघालेल्या गाडीच्या मागे काय होईल हे पुणेकरांना सांगायला नको. घाट नाही, खड्डे नाहीत, समोरचा वारा नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी ही चाचणी उपयुक्त आहे, कारण दोघींनाही तीच परीक्षा असते. मात्र तीत जोरदार वेग घेणे आणि मोठा वेग राखणे हे दोन्ही नसल्यामुळे, ज्या दोन गोष्टींत जड आणि उंच गाडीचे सर्वाधिक नुकसान होते त्याच तीत कमी दिसतात.

शहराकडे वळू. २,४०० किलोची गाडी ४० च्या वेगाने चालत असेल तर तिच्यात सुमारे १४८ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा डिस्क तापवून हवेत निघून जाते. शहरातल्या अर्धवट भारावर इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून डिझेलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतात असे धरले, आणि एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते हे लक्षात घेतले, तर पुन्हा ४० चा वेग गाठायला साधारण १६ मिलिलिटर डिझेल लागते. म्हणजे साठ वेळा थांबून निघाले की एक लिटर संपले, आणि त्यात रस्ता कापण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही. वेग ६० असेल तर एका थांब्याची किंमत ३७ मिलिलिटरवर जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. एक टन वजनाच्या छोट्या गाडीला हाच खर्च निम्म्याहूनही कमी येतो.

दुसरा खर्च उभे राहण्याचा. एसी चालू ठेवून इंजिन नुसते चालत राहिले तर तासाला लिटरभर डिझेल जाते असे ढोबळमानाने धरायला हरकत नाही. हिंजवडीकडे जाताना दहा किलोमीटरला चाळीस मिनिटे लागली आणि त्यांपैकी पंधरा मिनिटे गाडी उभीच होती, तर पाव लिटर एक मीटरही पुढे न जाता संपला. असे दहा किलोमीटर, पंचवीसेक वेळा थांबत, कापले की केवळ थांबणे-निघणे आणि उभे राहणे यांत साडेसहाशे मिलिलिटर गेले. उरते ते टायरचे घर्षण, थोडी हवा आणि चालत्या गाडीतला एसी. सगळे मिळून सव्वा-अकराशे मिलिलिटरच्या आसपास बेरीज होते आणि अ‍ॅव्हरेज नऊवर येऊन थांबते. जे आकड्यांतून दिसते तेच वहीतही दिसते, आणि म्हणूनच शहरातल्या नऊबद्दल मला गाडीला दोष द्यावासा वाटत नाही. शहरात ही गाडी काटकसरीने चालवण्याचा एकच खरा उपाय आहे: लांबवर नजर ठेवून, पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय काढून घ्यायचा, म्हणजे ब्रेकने वाया घालवायला ऊर्जाच कमी उरते. हळू निघण्यापेक्षा हा उपाय कितीतरी जास्त परिणाम करतो.

याच ठिकाणी हायब्रिड गाड्यांचे महत्त्व कळते. त्याच कंपनीच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडचा जाहीर आकडा २३.२४ आहे, आणि आत बसायला ती काही लहान गाडी नाही. ती चौकटीवर उभारलेली नाही, वजनाने कमी आहे, आणि मुख्य म्हणजे ब्रेक लावल्यावर वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत साठवते व उभी असताना इंजिन बंद ठेवते. वर सांगितलेल्या साडेसहाशे मिलिलिटरवरच तिचा घाला पडतो. ज्यांचा सगळा वापर शहरातला आहे त्यांनी फॉर्च्युनर घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगतो.

महामार्गावर मात्र चित्र पूर्ण पालटते. एकदा वेग घेतला की वजनाचा त्रास फारसा राहत नाही. २,४०० किलोच्या गाडीच्या टायरचे घर्षण साधारण २४० न्यूटन, म्हणजे अंदाजे २४ किलो वजनाइतका उलटा जोर, आणि तो वेगानुसार फार बदलत नाही. बदलते ती हवा. जवळपास तीन चौरस मीटरचा पुढचा पृष्ठभाग आणि अशा उभट आकाराला साजेसा ०.४ च्या आसपासचा रोध गुणांक (आकार हवेला किती अडतो याचे माप) धरला, तर ८० च्या वेगाला हवेचा रोध सुमारे ३४० न्यूटन होतो, १०० ला ५३५ आणि १२० ला ७७०. म्हणजे ८० ला हवा टायरच्या घर्षणापेक्षा थोडी जास्त असते आणि १२० ला तिप्पट होते. ८० चा वेग सपाट रस्त्यावर राखायला या २०४ पीएसच्या इंजिनाला फक्त १७-१८ पीएस पुरतात, १२० ला ४५ च्या पुढे लागतात. डिझेलचा खर्च मात्र याच प्रमाणात वाढत नाही, कारण भार वाढला की इंजिनाची कार्यक्षमताही काहीशी सुधारते. तरीही ८० ते १०० या टप्प्यात लिटरमागे दोन किलोमीटर जातात आणि १०० च्या पुढे घसरण आणखी वेगाने होते. यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर सपाटीला वेगमर्यादा १०० ची आहे. ती पाळणे हा सुरक्षिततेचा प्रश्न तर आहेच, पण या आकाराच्या गाडीसाठी तो डिझेलचाही आहे.

छतावरचे कॅरिअर हा या हिशेबातला लपलेला शत्रू आहे. रिकामे कॅरिअरही हवा अडवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सामानासाठी बसवलेले कॅरिअर वर्षभर तसेच वागवणाऱ्या गाड्या मला नेहमी दिसतात आणि वाईट वाटते, कारण ते काढायला पाना आणि अर्धा तास पुरतो.

घाटाचा हिशेब मला सर्वांत आवडतो, कारण तो अगदी स्वच्छ मांडता येतो. खोपोलीहून खंडाळ्याला येताना बोरघाटात गाडी सुमारे ५०० मीटर वर चढते. २,४०० किलो वजन तितके उचलायला जवळपास १२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. चढावर इंजिन त्याच्या सर्वोत्तम अवस्थेत, ३५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने काम करते, म्हणून हे काम साधारण एका लिटरमध्ये होते. चढण चढताना पडद्यावर सहा-सातचा आकडा पाहून घाबरण्याचे काहीच कारण नाही. संपूर्ण घाटाची किंमत एक लिटर आहे, त्याहून जास्त नाही. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना उंची ५६० मीटरवरून साडेतेराशेच्या आसपास जाते, तिथे हीच किंमत दीड लिटर पडते.

उतरताना तो लिटर परत मिळतो का? पूर्ण मिळत नाही. शंभर मीटरला पाच मीटर उतार असलेल्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षण या गाडीला जवळपास १,१८० न्यूटनने पुढे ओढते, तर ६० च्या वेगाला हवा आणि टायर मिळून ४३० न्यूटनच अडवतात. उरलेला जोर ब्रेकला किंवा इंजिनाला शोषून घ्यावा लागतो. म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची जी जुनी सवय आपल्याकडे आहे ती तर सर्वस्वी चुकीची आहे: गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आधुनिक डिझेल इंजिन इंधन पूर्ण बंद करते आणि चाकेच इंजिनाला फिरवतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल सोडावेच लागते. शिवाय इंजिनाचा ब्रेक गमावल्यामुळे सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो आणि इतक्या जड गाडीच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

यामुळेच मुंबई ते पुणे या एकाच बाजूच्या प्रवासाचे अ‍ॅव्हरेज सांगणे निरर्थक आहे. पुण्याहून मुंबईला जाताना गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते. त्या दिशेचा आकडा मिरवणे सोपे असते. जाऊन-येऊन मोजावे, नाहीतर दोन्ही टोके सारख्या उंचीवर असलेला रस्ता निवडावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टायरमधली हवा दाराजवळच्या खांबावरील पट्टीत दिलेल्या दाबाइतकी, टायर थंड असताना तपासावी. जड गाडीत कमी हवेची किंमत जास्त मोजावी लागते. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ करण्यासाठी इंजिन मधूनमधून जादा डिझेल जाळते. ज्यांचे रोजचे प्रवास चार-पाच किलोमीटरचे आहेत त्यांना हा खर्च वारंवार बसतो आणि फिल्टरही नीट साफ होत नाही. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पाणी उडवण्यातही ऊर्जा जाते, म्हणून जुलै-ऑगस्टचे आकडे एप्रिलशी ताडून पाहू नयेत. पेट्रोल फॉर्च्युनरवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमीच मिळते.

स्वतःच्या गाडीचा महामार्गावरचा खरा आकडा काढायचा असेल तर मला पुणे-कोल्हापूर हा रस्ता सर्वांत योग्य वाटतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि कोल्हापूर सुमारे ५७० मीटरवर आहे, अंतर २३० किलोमीटरच्या आसपास, मध्ये कात्रज आणि खंबाटकी असल्यामुळे रस्ता अगदी सपाटही नाही. रुंदीकरणाच्या कामांमुळे ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत, पण पहाटे निघाले तर वेग टिकवता येतो. हा प्रवास सलग ८० ने केला आणि सलग १०० ने केला तर वेळेत पस्तीस मिनिटांचा फरक पडतो. डिझेलचा फरक माझ्या हिशेबाने अडीच लिटरच्या आसपास, म्हणजे लिटरला ९० रुपये धरले तर सव्वादोनशे रुपये. मागे आई-वडील बसलेले असतात आणि ट्रकांच्या रांगा ओलांडाव्या लागतात, त्यामुळे मी वेग आपोआप राखणारे क्रूझ कंट्रोल ९० वर लावतो. १०० च्या तुलनेत पंधरा मिनिटे जास्त लागतात, सव्वा लिटर वाचते, आणि कोल्हापूरला उतरताना आईची कंबर दुखत नाही.